घरातील काडतुसे आणि लहान मुलांची सुरक्षितता

ज्या घरात परवान्याचे शस्त्र असते, तिथे काडतुसेही असतात. शस्त्र मोठे आणि महाग, त्यामुळे ते सहसा कुठेतरी बंद करून ठेवले जाते. काडतुसांच्या नशिबी एवढी काळजी नसते. खोक्यातून काढलेली पाच-सहा काडतुसे टेबलाच्या खणात पडून राहतात, एखादे जॅकेटच्या खिशात राहून जाते, एखादे प्रवासी बॅगेच्या आतल्या कप्प्यात महिनोन्महिने तसेच असते. घरात मोठी माणसेच असली तर हा निष्काळजीपणा बहुधा खपून जातो. पण मे महिन्याच्या सुटीत नातवंडे आली, गणपतीत भाचरे जमली किंवा शेजारची मुले दुपारी खेळायला आली, की तोच जिवावर बेतू शकतो. म्हणून काडतुसांच्या साठवणीचा विचार शस्त्राच्या साठवणीपासून वेगळा आणि तितक्याच गांभीर्याने करावा लागतो.

काडतुसाची रचना

काडतुसाचे चार भाग असतात. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्या तोंडाशी घट्ट बसवलेली शिशाची किंवा तांब्याचे आवरण असलेली गोळी, आत भरलेली बंदुकीची दारू आणि टोपी. बहुतेक काडतुसांत ही टोपी बुडाच्या मध्यभागी बसवलेली छोटी चकती असते. पॉइंट २२ च्या काडतुसात तिचे द्रव्य बुडाच्या काठात भरलेले असते. बारा बोअरच्या बंदुकीचे काडतूस जाड असते. त्याचे नळकांडे प्लॅस्टिकचे किंवा कागदी, बूड पितळी आणि आत एका गोळीऐवजी शिशाचे छर्रे असतात.

चाप ओढला की शस्त्रातील टोचणी टोपीवर आदळते. टोपीतले स्फोटक द्रव्य आघातानेच पेट घेते, त्याची ज्योत दारूपर्यंत जाते, दारूचा क्षणात वायू होतो आणि त्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. आघात हे या यंत्रणेचे मूळ आहे. टोपी आघाताने पेटावी अशीच बनवलेली असते. आघात टोचणीचा आहे की दगडाचा, हे तिला कळत नाही. काडतूस शस्त्राबाहेरही धोकादायक का, याचे उत्तर इथे मिळते.

काडतुसे बनवण्याशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यातही काडतुसे तयार होतात. २०२१ साली हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आले. नागरिकांकडे प्रामुख्याने पॉइंट ३२ ची रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुले, बारा बोअरच्या बंदुका, पॉइंट ३१५ च्या रायफली आणि नेमबाजांची पॉइंट २२ ची शस्त्रे असतात.

काशीमीऱ्यातील घरे

अशी शस्त्रे असलेली घरे कशी असतात, हे पाहण्यासाठी काशीमीऱ्याचे उदाहरण घेऊ. काशीमीरा हा मीरा-भाईंदर शहराचा महामार्गालगतचा भाग. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रस्ता इथे मिळतात. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी आणि मधल्या पट्ट्यात जुनी गावठाणे, चाळी, गाळे आणि उंच इमारती अशी इथली वस्ती आहे. पूर्वी हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि काशीमीरा पोलीस ठाणे त्याच्या अखत्यारीत आले. ज्या भागात पोलीस आयुक्तालय असते, तिथे शस्त्र परवान्याचे कामही आयुक्तालयाकडूनच चालते.

अशा वस्तीत शस्त्र बाळगणारे लोक अनेक प्रकारचे असू शकतात. स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेले व्यावसायिक आणि सराफ, लष्करातून निवृत्त होऊन बारा बोअरच्या बंदुकीसह सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे माजी सैनिक, सरकारी शस्त्र बाळगणारे पोलीस कर्मचारी आणि सराव करणारे नेमबाज. यांतील अनेकांची घरे एक किंवा दोन खोल्यांची असतात. तिथे शस्त्रासाठी वेगळी खोली मिळत नाही. सगळा संसार एका लोखंडी कपाटात, दिवाणाच्या पेटीत आणि माळ्यावर मावलेला असतो, आणि मुलांचा खेळही त्याच चार भिंतींत चालतो. मोठ्या बंगल्यासाठी लिहिलेले सल्ले अशा घरात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कायदा काय सांगतो

भारतात शस्त्रांप्रमाणे काडतुसांनाही शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे जसा गुन्हा, तसेच काडतूस बाळगणेही. किती काडतुसे बाळगता येतील याची मर्यादा परवान्यावर नोंदलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला, नेमबाजी प्रशिक्षणासारखे ठरावीक अपवाद वगळता, शस्त्र किंवा काडतूस बाळगता येत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवाना मागणाऱ्याने सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेण्याची तरतूद आहे. शस्त्र आणि दारूगोळ्याची सुरक्षित साठवण हा त्या प्रशिक्षणाचा एक भाग आहे. नियमांचा किंवा परवान्यातील अटींचा भंग झाल्यास अधिनियमाच्या कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हलगर्जीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गोळी मुलाच्या हातून सुटली, तरी काडतूस त्याच्या हाती कसे लागले, याचा जाब मोठ्या माणसाला द्यावा लागतो.

मुले काय करतात

मुलांबद्दल मोठ्यांच्या तीन समजुती पक्क्या असतात. मुलाला जागा माहीत नाही, माहीत असली तरी ते हात लावणार नाही, आणि हात लावला तरी त्याला चाप ओढता येणार नाही. अमेरिकेत घराघरांत शस्त्रे असल्याने तिथे या तिन्ही समजुती तपासून पाहिल्या गेल्या आहेत.

पहिली समजूत जागेची. २००६ साली अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागातील कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पालक आणि मुले यांना वेगवेगळे प्रश्न विचारले गेले. शस्त्र कुठे ठेवले आहे हे मुलाला ठाऊक नाही, असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा अचूक माहीत असल्याचे सांगितले. मुलाने शस्त्र कधीच हाताळलेले नाही, असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्के पालकांची समजूत त्यांच्या मुलांनीच खोटी ठरवली.

दुसरी समजूत हात न लावण्याची. २००१ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत सोडले होते. खोलीतल्या एका खणात खरे, पण रिकामे पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले. १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांतील कुणी ना कुणी चाप ओढला. हाताळणाऱ्या बहुतेक मुलांना शस्त्राच्या सुरक्षिततेचे धडे आधी मिळालेले होते. हाती आलेली वस्तू खरी की खेळण्यातली, हे अनेकांना नीट सांगता आले नाही.

तिसरी समजूत ताकदीची. १९९५ च्या एका अभ्यासानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी २५ टक्के, पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्के मुलांच्या बोटांत बहुतेक पिस्तुलांचा चाप ओढण्याएवढी ताकद असते.

भारतातही अशी घटना घडली आहे. ३१ जुलै २०२४ रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यातील एका शाळेत नर्सरीतल्या पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून भरलेले पिस्तूल आणले आणि दहा वर्षांच्या विद्यार्थ्यावर गोळी झाडली. गोळी हाताला लागल्याने तो वाचला. पिस्तूल रिकामे असते आणि काडतुसे दुसरीकडे कुलपात असती, तर दप्तरातून शाळेत फक्त एक लोखंडी वस्तू पोहोचली असती.

शस्त्राविना होणारी इजा

घरात केवळ काडतुसे सापडली आणि शस्त्र कुलूपबंद राहिले, तरी धोका टळत नाही. पहिला धोका आघाताचा. महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी दिवाळीत टिकल्या फोडलेल्या असतात. खेळण्यातले पिस्तूल मोडले की टिकली फरशीवर ठेवून दगडाने, बत्त्याने किंवा हातोडीने फोडायची, हे मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. काडतुसाच्या बुडाची गोल टोपी मुलाच्या डोळ्यांना त्या टिकलीसारखीच दिसते, आणि ते तिच्यावर तोच प्रयोग करू पाहते. शस्त्राच्या नळीबाहेर काडतूस फुटले तर गोळीला दिशा आणि पुरेसा वेग मिळत नाही. पण गोळी जड आणि पुंगळी हलकी असल्याने पुंगळीच उडते किंवा फाटते, आणि पितळेचे धारदार तुकडे जवळ वाकलेल्या मुलाच्या डोळ्यांत, चेहऱ्यावर आणि बोटांत घुसतात.

दुसरा धोका आगीचा. काडतूस शेकोटीत, होळीत किंवा पेटत्या कचऱ्यात पडले तर काही वेळाने फुटते आणि तुकडे उडवते. शस्त्रात भरलेले काडतूस आगीत तापले, तर गोळी मात्र नेहमीच्याच वेगाने नळीतून सुटते. घराला आग लागल्यास आत काडतुसे आहेत आणि ती कुठे आहेत, हे अग्निशमन दलाच्या जवानांना लगेच सांगणे आवश्यक असते.

तिसरा धोका तोंडात घालण्याचा. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते. पॉइंट २२ चे काडतूस, सुटा छर्रा किंवा रिकामी पुंगळी घशात अडकून श्वास कोंडू शकतो. उघडे शिसे पोटात राहिले तर ते रक्तात उतरू शकते. मुलांच्या रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. बहुतेक काडतुसांच्या टोपीतही शिशाचे संयुग असते. म्हणून काडतुसे हाताळल्यावर मोठ्यांनीही साबणाने हात धुवावेत आणि ती स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर मांडून बसू नये. शोभेसाठी शोकेसमध्ये ठेवलेल्या पुंगळ्यांनाही हेच लागू आहे.

साठवणीची पद्धत

दारूगोळा वस्तीपासून वेगळा ठेवण्याचा विचार मराठी मुलखाला नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याची व्यवस्था बारकाईने सांगितली आहे. दारूखाना घराजवळ असू नये, दारूला ओल लागू नये, हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी माल बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कुणाला आसपास फिरकू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्या काळच्या दारूला दिलेले ऊन आजच्या काडतुसांना चालत नाही. बाकीची तत्त्वे, म्हणजे अंतर, कोरडी जागा, बंदोबस्त आणि ठरावीक काळाने तपासणी, एका खोलीच्या घरातही पाळता येतात.

आधुनिक पुरावाही तेच सांगतो. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात शस्त्र असलेल्या घरांतील मुलांच्या व किशोरांच्या आत्महत्या आणि अपघात तपासले गेले. शस्त्र कुलपात ठेवणे, शस्त्र रिकामे ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि काडतुसे शस्त्रापासून वेगळी ठेवणे, या चारही सवयींचा संबंध कमी धोक्याशी आढळला. यांतील दोन सवयी केवळ काडतुसांच्या आहेत. वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचे ठरते. निराशेच्या एका क्षणात हाताशी भरलेले शस्त्र नसेल, तर तो क्षण निघून जाण्याची आणि मूल वाचण्याची शक्यता वाढते.

प्रत्यक्ष कृतीची सुरुवात शस्त्र रिकामे करण्यापासून होते. घरात आल्यावर शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेला धरून रिव्हॉल्व्हरचे चक्र उघडावे आणि सगळी काडतुसे काढावीत. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर पाहावे, कारण मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकते. हे काम मुले शेजारच्या खोलीत असतानाही करू नये. दार बंद करून, एकट्याने करावे. भरलेले शस्त्र कपाटात ठेवताना किंवा काढतानाही घात होतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेता गोविंदा याच्या जुहूच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडले आणि त्यातून सुटलेली गोळी त्याच्या पायात घुसली. ती शस्त्रक्रिया करून काढावी लागली. हाताळणाऱ्या प्रौढ माणसाचे असे होते, तर मुलाचे काय होईल याचा अंदाज करता येतो.

काढलेली काडतुसे कारखान्याच्या मूळ खोक्यातच परत ठेवावीत. खोक्यावर बोअर आणि उत्पादनाचा तपशील असतो, त्यामुळे वेगवेगळ्या बोअरची काडतुसे एकमेकांत मिसळत नाहीत आणि मोजणीही सोपी जाते. मिठाईचा खोका, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, औषधांची पेटी किंवा शिवणाचा डबा यांत काडतुसे कधीच ठेवू नयेत. असे डबे खाऊसाठी किंवा खेळासाठी उघडायचीच सवय मुलांना असते. भरलेले मॅगझिन म्हणजे सुटी काडतुसेच आहेत असे समजावे आणि ते शस्त्राजवळ ठेवू नये.

मूळ खोके किल्लीच्या किंवा आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या लोखंडी पेटीत ठेवावे. पेटी भिंतीला किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला स्क्रूने पक्की केलेली असावी. नाहीतर चोर ती उचलून नेईल आणि मूल ती ओढून खाली पाडेल. शस्त्र एका कपाटाच्या तिजोरीत असेल, तर काडतुसांची पेटी दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुलपाखाली हवी. एकच लोखंडी कपाट असेल, तर शस्त्र तिजोरीच्या कप्प्यात आणि काडतुसांची पेटी वरच्या फळीवर वेगळ्या कुलपाने बंद करावी. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असल्या, तर दोन कुलपांचा उपयोग अर्धाच राहतो.

किल्लीची जागा हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा असतो. दाराजवळच्या हुकांची पाटी, देव्हाऱ्यातला डबा, फ्रिजवरची टोपली, उशीखाली, साड्यांच्या घडीत, या जागा घरातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. आकड्यांचे कुलूप असेल तर जन्मतारीख, गाडीचा क्रमांक किंवा मोबाइलचा पासवर्ड वापरू नये. मुलांना हे आकडे मोठ्यांपेक्षा चांगले पाठ असतात. माळा, कपाटाचा माथा आणि दिवाणाची पेटी या लपवण्याच्या जागा आहेत, साठवणीच्या नव्हेत. स्टूल आणि खुर्ची यांच्या मदतीने पाच वर्षांचे मूल माळ्यापर्यंत पोहोचते.

हवामानाचाही विचार करावा लागतो. खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या काशीमीऱ्याच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. ओलाव्याने पितळेवर हिरवट डाग येतात, दारू सर्द होते आणि काडतूस ऐन वेळी पेटत नाही किंवा उशिरा पेटते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. मात्र या पुड्याही मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत. काडतुसांना तेल लावू नये, कारण ते टोपीच्या फटीतून आत झिरपते. ती उन्हात, तव्यावर किंवा इस्त्रीने वाळवू नयेत. गॅसची शेगडी, देव्हाऱ्यातील समई, विजेचा मीटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांच्यापासून पेटी लांब असावी.

शेवटी हिशोब. पेटीत एक छोटी वही ठेवावी. किती काडतुसे घेतली, किती वापरली, किती शिल्लक आहेत, हे तारखेसह लिहावे आणि महिन्यातून एकदा मोजून ताळा करावा. एकही काडतूस कमी भरले तर ते सापडेपर्यंत शोध घ्यावा. न सापडल्यास पोलीस ठाण्यात लेखी कळवावे.

मुले येण्याआधी

पाहुणी मुले घरच्या मुलांपेक्षा जास्त धोका पत्करतात. घर नवे असते, कुतूहल ताजे असते आणि घराचे नियम त्यांना ठाऊक नसतात. त्यामुळे ती येण्याच्या आदल्या दिवशी मुद्दाम वेळ काढून घर तपासावे. परवानाधारकाने आपल्या पँट-शर्टचे आणि जॅकेटचे खिसे, कमरेचा पट्टा आणि काडतुसांची पाऊच, प्रवासी बॅगांचे सगळे कप्पे, गाडीचा पुढचा खण आणि सीटखालची जागा, टेबलाचे खण पाहावेत. विमानतळावरील तपासणीत बॅगेत विसरलेले काडतूस सापडून प्रवासी अडचणीत येतात. घरी तीच बॅग पाहुण्या मुलांच्या हाती लागते. त्यानंतर काडतुसे मोजून वहीशी ताळा करावा, दोन्ही कुलपे ओढून पाहावीत आणि किल्ल्या जवळ घ्याव्यात.

शस्त्र घरात आहे हे पाहुण्या मुलांच्या आईवडिलांना सांगावे. संकोच वाटला तरी हे सांगणे यजमानाचे कर्तव्य आहे. त्यात बंदोबस्त कसा केला आहे एवढे यावे. पेटी कुठे आहे, हे सांगण्याची गरज नाही. आईवडिलांनीही मूल दुसऱ्याच्या घरी पाठवताना, जसे कुत्र्याबद्दल किंवा गच्चीच्या कठड्याबद्दल विचारले जाते, तसे शस्त्राबद्दल विचारावे. पाहुणा स्वतः शस्त्र घेऊन येणार असेल, तर त्याच्यासाठीही कुलूपबंद जागा आधीच ठरवावी; त्याची बॅग दिवाणावर राहता कामा नये.

मुलांचा मुक्काम लांबणार असेल, घरात दुरुस्तीचे काम चालू असेल किंवा कुटुंब गावी जाणार असेल, तर शस्त्र आणि काडतुसे पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रे जमा करून घेण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ठेवून रीतसर पावती घ्यावी. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारक शस्त्रे जमा करतातच, त्यामुळे ही प्रक्रिया अपरिचित नाही.

मुलांना सांगायचे तेही थोडक्यात आणि स्पष्ट असावे. बंदूक, गोळी किंवा तसे काही दिसले तर थांबायचे, हात लावायचा नाही, तिथून दूर जायचे आणि मोठ्यांना सांगायचे. सांगणाऱ्या मुलाला रागावू नये. रागावले तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. हे शिकवणे चांगलेच, पण २००१ च्या प्रयोगाने दाखवल्याप्रमाणे त्याच्या भरवशावर कुलूप सैल ठेवता येत नाही. शस्त्र दाखवून मुलांचे कुतूहल शमवण्याचा प्रयत्नही करू नये.

नेमबाजीची शस्त्रे आणि छर्रे

महाराष्ट्रात नेमबाजी हा प्रतिष्ठेचा खेळ आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात पॉइंट २२ ची काडतुसे वापरली जातात. आकाराने लहान असली, तरी त्यांची गोळी दीड किलोमीटरपेक्षा दूर जाऊ शकते. सरावावरून परतताना ती बॅगेच्या कोपऱ्यांत राहतात. नेमबाजांनी किट घरात आणण्यापूर्वीच रिकामे करून तपासण्याची सवय लावून घ्यावी.

ठरावीक मर्यादेतील एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे समजली जाते. तिचा छर्रा डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि बहुतेक छर्रे शिशाचे असतात. छर्ऱ्यांचा डबाही काडतुसांप्रमाणेच कुलपात हवा.

गावाकडचे घर

काशीमीऱ्यातील अनेक कुटुंबांचे मूळ गाव कोकणात आहे. मे महिन्यात आणि गणपतीत मुले तिथे जातात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे रानडुक्कर आणि माकडांपासून शेती राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका असतात, आणि त्यांत ठासणीच्या बंदुकाही असतात. ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसते. सुटी काळी दारू, छर्रे आणि टोप्या लागतात. काळी दारू काडतुसातल्या दारूपेक्षा अधिक सहज, एका ठिणगीनेही पेटते. ती चुलीजवळ, पडवीत टांगलेल्या पिशवीत किंवा माळ्यावरच्या बरणीत ठेवलेली असेल, तर मुले येण्यापूर्वी ती घरापासून दूर, कोरड्या आणि कुलूपबंद जागी हलवावी. टोप्या आणि दारू एकत्र ठेवू नयेत. भिंतीवर टांगलेली बंदूक ठासून ठेवलेली नाही ना, हे आजोबांनी किंवा परवानाधारकाने स्वतः तपासावे.

जुनी आणि बेवारस काडतुसे

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर शिकार थांबली, पण शिकारीच्या काळातील काडतुसे जुन्या ट्रंकांत राहून गेली. वडिलोपार्जित घर आवरताना ती सापडतात. पुंगळीवर हिरवट थर आलेला असला तरी असे काडतूस निकामी झाले असे समजू नये. ते उघडून दारू काढण्याचा प्रयत्न करू नये, कचऱ्यात, नाल्यात किंवा खाडीत टाकू नये आणि जाळू नये. ते जागच्या जागी ठेवून मुलांना दूर करावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास त्याचे शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसांनी ती आठवण म्हणून कपाटात ठेवणे बेकायदेशीर ठरते.

अपघात झाल्यास

मुलाच्या हातात काडतूस किंवा शस्त्र दिसले तर ओरडू नये, हिसकावू नये. शांत आवाजात ते खाली ठेवायला सांगावे, शस्त्राच्या तोंडासमोरून बाजूला राहून जवळ जावे आणि वस्तू ताब्यात घ्यावी. मग बाकीची काडतुसे मोजावीत, कारण एक सापडले म्हणजे दुसरे नाही असे होत नाही.

गोळी किंवा तुकडा लागला असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. आत रुतलेला तुकडा उपसू नये. डोळ्याला इजा असेल तर डोळा चोळू किंवा धुऊ नये; वर वाटी किंवा कागदी कप अलगद उपडा धरून, डोळ्यावर दाब न देता रुग्णालयात न्यावे. मुलाने काडतूस, छर्रा किंवा पुंगळी गिळल्याचा संशय असेल, तर उलटी करवू नये, काही खायला देऊ नये आणि तातडीने क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. त्याच प्रकारची दुसरी वस्तू डॉक्टरांना दाखवली किंवा तिचे मोजमाप सांगितले, तर उपचार लवकर ठरतात. श्वास अडकला असेल आणि मूल खोकू शकत नसेल, तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे धरून पाठीच्या मध्यावर थापट्या आणि छातीवर दाब, तर मोठ्या मुलाला पाठीवर थापट्या आणि मागून पोटावर वरच्या दिशेने दाब द्यावा. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. मूल बेशुद्ध पडल्यास त्याला पाठीवर निजवून छातीवर दाब देण्याचा प्राथमिक उपचार सुरू करावा.